आक्का, मी हाय गं

काल रात्री सांगलीत भुताचा पिक्चर बघून आलो. नाव लिहीत नाही. मला एकट्या त्याच्यावर राग काढायचा नाही, गेल्या काही वर्षांत बघितलेल्या बहुतेक सगळ्यांवर काढायचा आहे. सोबत पुतण्या होता, चौदा वर्षांचा. मध्यंतरानंतर पोरानं मोबाइल काढला. पडद्यावर एक बाई भिंतीवरून उलटी चालत होती आणि हा शेजारी बसून क्रिकेटचा स्कोअर बघत होता. मी काही बोललो नाही. त्याला भीती वाटली नाही यात त्याची काय चूक?

मी त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान होतो तेव्हा मला भीती म्हणजे काय ते कळलं. आबांबरोबर रात्री दारं धरायला गेलो होतो. (पुण्या-मुंबईच्या मित्रांसाठी: एक सरी भरली की खोऱ्यानं माती ओढून तिचं तोंड बंद करायचं आणि पुढचीचं उघडायचं, याला दारं धरणं म्हणतात.) मोटर चालवायला लागते ती थ्री फेज लाईट तेव्हाही रात्रीचीच असायची. विहिरीच्या पाण्यावर जेमतेम वीस गुंठं ऊस होता. आबा पुढं, मी कंदील घेऊन मागं. विहीर वीस-पंचवीस पावलांवर आली तसे आबा थांबले, घसा साफ केला आणि विहिरीकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "आक्का, मी हाय गं. पाणी धराय आलोय."

तिथं कुणी नव्हतं.

एवढंच. काही दिसलं नाही, काही वाजलं नाही. आबांनी पेटीचं झाकण उघडून मोटर चालू केली आणि कामाला लागले. माझे पाय मात्र जमिनीतून निघेनात. आज इतक्या वर्षांनी हे टाइप करताना मानेवर काटा आला आहे, आणि काल अडीच तास थेटरात बसून एकदाही आला नाही.

या पिक्चरवाल्यांना दचका आणि भीती यातला फरक कळत नाही का? आधी सगळं शांत करायचं, बाई हळूहळू दाराकडं जाणार, आपल्याला माहीत असतं आता काहीतरी होणार, मग कान फुटेल असा आवाज, आणि निघतं मांजर. परत शांतता, परत आवाज, आता भूत. कानाजवळ फटाका वाजवला तर गोठ्यातली म्हैस पण उधळते. त्याला कला कोण म्हणतं? घरी आल्यावर, दिवा मालवल्यावर, अंथरुणात पडल्यावर काय शिल्लक राहतं ते बघा. काल माझ्याकडं काहीच शिल्लक नव्हतं.

त्यात भुताला कसला नियम नाही. सुरुवातीला ट्रक उलटा करणारं भूत शेवटी आतल्या कडीपाशी अडतं. जे वाटेल ते करू शकतं त्याला कोण घाबरेल? आमच्याकडच्या गोष्टींत नियम कडक असायचे. रात्री हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. चकवा लागला तर पहाटेपर्यंत त्याच बांधावर फिरत राहणार. नियम माहीत असला की माणूस तो मोडायला भितो, आणि ऐकणारा पण त्याच्याबरोबर भितो.

आक्का कोण ते सांगायचं राहिलं. आबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आलेली. मी तिला बघितलेलं नाही. १९७२ च्या दुष्काळात ती त्या विहिरीत गेली. आमचा भाग आता हिरवा दिसतो, टेंभू उपसा योजनेचं पाणी आलं, ऊस झाला, द्राक्षं झाली. तेव्हा तासगाव-विट्याच्या या पट्ट्यात नुसती खडी होती. विहिरीच्या तळाला परातीएवढं डबकं. बाया पहाटे अंधारात खाली उतरायच्या, वाटीनं पाणी भरून घागरीत ओतायच्या. उशीर झाला की गाळच हाती यायचा. आक्का अशीच पहाटेची उतरताना पायरीवरून घसरली. खाली पाणी नव्हतं. कातळ होता.

आता मला सांगा, आपल्या मातीतलं भूत परकं असतं का कधी? मुंजा म्हणजे मुंज झाली आणि लग्नाआधी गेला तो पोरगा. हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. गावोगावी हडळीच्या गोष्टी आहेत, म्हणजे गावोगावी किती बाया बाळंतपणात गेल्या असतील याचा विचार करा. समंधाचा जीव मागं राहिलेल्या जमिनीत, घरात अडकलेला. प्रत्येक नावामागं कुणाचं तरी काहीतरी अर्धं राहिलेलं आहे. हे सगळं आयतं हाताशी असताना काल पडद्यावर जे होतं ते कोण होतं? पांढरी साडी, मोकळे केस, निळा उजेड. तिला भाऊ नाही, तिची आठवण काढणारं कुणी नाही.

ती का मेली ते सांगायला पाच मिनिटांचा भूतकाळ दाखवला. तिच्यावर गावातल्या पुरुषांनी अत्याचार केला, मारून टाकलं. पाच मिनिटांत संपलं. आणि पुढचा अर्धा तास काय, तर मांत्रिक येतो आणि जिच्या अंगात ती आली आहे त्या पोरीला खांबाला बांधून झाडूनं, साखळीनं मारतो. थेटरात शिट्ट्या! मला तिथंच उठावंसं वाटलं. जिनं सोसलं तिलाच परत मारायचं, तिलाच जाळायचं, आणि आपण टाळ्या वाजवायच्या. ज्यांनी तिला मारलं त्यांची पोरंबाळं शेवटी बंगल्यात सुखानं नांदतात.

शेजारच्या साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यासाठीच आयुष्यभर गावोगाव फिरले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या, त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवायच्या नावाखाली एखाद्या बाईला बांधून मारणं हा आज या राज्यात गुन्हा आहे. आणि पिक्चरमध्ये तोच माणूस हिरो? मान्य, आमच्या गावातही देवऋषी होता आणि लोक त्याच्याकडं जायचे. म्हणून काय त्याच्यामागं ढोल वाजवायचे?

तुमच्यातले काहीजण म्हणतील, भूतच मानत नाहीस तर भुताच्या पिक्चरवर एवढा का चिडतोस. मी भूत मानत नाही. तुम्हीही मानत नाही. पण मेलेल्या माणसाचं आपल्याकडं काहीतरी देणं राहिलेलं असतं हे आपण सगळेच मानतो, नाहीतर पितरांना घास कशाला ठेवला असता? भीती तिथून येते.

आणि ती भाषा! शहरातलं जोडपं गावाकडच्या वाड्यात येणार, मग कांबळं पांघरलेला म्हातारा गडी डोळे मोठे करून "मालक, तिकडं जाऊ नगा." आमची बोली म्हणजे भुताची पाटी आहे का? आमची माणसं अंधारात अशी बोलत नाहीत. ती अगदी साधं बोलतात, त्यानंच पोटात गोळा येतो.

त्या रात्रीचं पुढचं सांगतो. दोन-अडीचच्या सुमाराला लाईट गेली. मोटर बंद पडली. मोटरच्या घरघरीत जे ऐकू येत नव्हतं ते सगळं एकदम ऐकू यायला लागलं. पाटात मुरणारं पाणी. ऊस. उसात जे राहिलेत त्यांना ठाऊक आहे, वारा पडलेला असला तरी पाला आतल्या आत वाजतो, आणि कुणीतरी सरीतून चालत येतंय असंच वाटतं. कंदिलातलं तेल संपत आलेलं. आबा बांधावर बसले, मला जवळ ओढलं आणि विहिरीच्या दिशेनं, अगदी हळू, घरात शेजारच्या खोलीत कुणी झोपलेलं असावं तशा आवाजात म्हणाले, "आक्का, आज पोरगं हाय गं संगं."

मी आबांच्या धोतरात तोंड खुपसलं. लाईट येईपर्यंत काढलं नाही.

चांगलं काही बनलंच नाही असं म्हणणार नाही. 'लपाछपी' २०१७ ला आला, तो सगळा उसातला. त्यातली भीती नको असलेल्या मुलींची आहे, म्हणून ती अंगावर येते. 'तुंबाड'मध्ये पाऊस थांबत नाही आणि माणसाची हाव थांबत नाही. नारायण धारपांच्या कथा तालुक्याच्या वाचनालयातून आणून आम्ही चादरीखाली वाचल्या, त्यात सुरुवातीला किती साधं घर, किती साधी माणसं असायची. म्हणजे येतं ना आपल्याला! मग बाकीच्यांना काय होतं? पैसा लावलाय, तो परत यायला हवा, हे समजतं मला. पण लिहायला एक माणूस जास्त वेळ बसवला तर असा किती खर्च येतो?

आबा गेले त्यानंतर मी आज्जीला विचारलं होतं, आबा खरंच आक्काला मानायचे का. आज्जी शेंगा फोडत बसली होती. म्हणाली, "मानत कुठं हुतं. त्या पहाटं हेच गेलं हुतं तिच्या मागनं, घागर वर घ्यायला. अंधार. ह्यांनी हाक न्हाई दिली. ती दचकली."

मग परत शेंगा फोडायला लागली.

राग आता बराच उतरलाय. काल येताना तासगाव सोडलं, गावाच्या वाटेला लागलो. साडेबारा वाजून गेले होते. ती विहीर अजून आहे, कठड्यापर्यंत घाणेरी वाढली आहे, चुलतभाऊ बुजवायची म्हणतोय. मी गाडी हळू केली, काच खाली घेतली आणि रोज म्हणतो ते म्हणालो. पुतण्यानं मोबाइल खाली ठेवला. "काका, कुणाशी बोललास?" मी सांगितलं. आज्जीनं सांगितलेलं पण सांगितलं. घर येईपर्यंत तो मागं वळून काचेतून बघत होता, आणि उतरल्यावर गोठ्यापर्यंत माझा हात धरून आला. चौदा वर्षांचा पोरगा.

या आठवड्यात आमची लाईट रात्रीची आहे. आज पावणेअकराला येईल. तो सकाळपासून मागं लागलाय, मी पण दारं धरायला येतो म्हणून. बॅटरी चार्जिंगला लावली आहे. निघतो.