फक्त काड्या टोचायच्या

‘आई, यात करायचं काहीच नाहीये. फक्त काड्या टोचायच्या,’ असं म्हणत लेकीने फोन माझ्या नाकासमोर धरला. फोनमध्ये एक प्रसन्न बाई होती. तिच्या ओट्यावर एकही खरकटं भांडं नव्हतं. समोरच्या वाट्यांमध्ये चीजचे एकसारखे चौकोनी तुकडे होते, धुऊन पुसून कोरडी केलेली द्राक्षं होती, सफरचंदाच्या पांढऱ्याशुभ्र फोडी होत्या. एक द्राक्ष, एक चीज, एक फोड असं ती काडीला टोचत गेली आणि दहा मिनिटांत हात झटकून म्हणाली, ‘झालं!’ आधीचं सगळं कोणी करून ठेवलं होतं, ते तिने सांगितलं नाही. बहुतेक तिच्या आईने.

हे अर्थात मला नंतर सुचलं. त्या वेळी मी फसले.

सुट्टीच्या संध्याकाळी सात वाजता आमच्याकडे अकरा माणसं येणार होती. वन्सं, त्यांचे मिस्टर आणि दोन मुलं, मामेसासरे, मामेसासूबाई आणि नवऱ्याच्या मित्राचं पाच जणांचं कुटुंब. जेवणाचं सगळं ठरलेलं होतं. प्रश्न होता तो पाहुणे दारात आल्यापासून पानं घेईपर्यंतच्या तासाभराचा. त्या तासात माणसांचे हात रिकामे राहिले की ती स्वयंपाकघरात येऊन ‘काही मदत करू का?’ विचारतात. मग त्यांना चमचे कुठे आहेत हे दाखवण्यात आपलं दूध उतू जातं. तेव्हा त्यांच्या हातात काहीतरी द्यायचं, सोपं, आणि सणासुदीचं दिसणारं. चीज आणि फळं. बेत तीन गोष्टींचा होता: काड्यांना टोचलेली फळं आणि चीज, अननस घातलेलं मऊ चीज, आणि ओव्हनमध्ये गरम केलेलं ब्री नावाचं चीज, वरून मध, अक्रोड आणि सुक्या क्रॅनबेरी.

पिशवीतून तीन चिजं निघाली. लेक अकरावीला विज्ञान शाखेत आहे, त्यामुळे आमच्याकडे कुठलीही वस्तू माहितीशिवाय पिशवीतून निघत नाही. ‘आजी, चेडर हे इंग्लंडमधल्या सॉमरसेटमधलं गाव आहे. गौडा हे हॉलंडमधलं शहर. आणि ब्री हा पॅरिसजवळचा भाग.’

‘म्हणजे चेडरकर, गौडेकर आणि ब्रीकर,’ सासूबाई म्हणाल्या.

तिथून पुढे आमच्या घरात त्या मंडळींना आडनावानेच हाक मारली गेली. एक किलो चेडरकरांसाठी साधारण दहा लिटर दूध लागतं असं कळल्यावर सासूबाईंनी हातातला तुकडा खाली ठेवला आणि त्याच्याकडे नव्या आदराने पाहिलं.

चार वाजता मी सुरी घेतली. चीज कापण्यात एक मूलभूत अन्याय आहे. फ्रीजमधून काढल्या काढल्या ते छान कापलं जातं, पण तसंच खाल्लं तर खोडरबर. थंडीत त्यातली चरबी घट्ट बसलेली असते आणि वास, चव दोन्ही आत अडकून राहतात. अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवलं की चव येते, पण मग ते सुरीला असं बिलगतं की सोडवायला दुसरी सुरी लागते. म्हणून गार असताना कापायचं आणि तुकडे बाहेर ठेवायचे. फार वेळही नाही, कारण दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहिलेलं चीज पाहुण्यांना देऊ नये असं लेकीने बजावलं आणि फोनवर घड्याळ लावून ठेवलं. ते दर पंधरा मिनिटांनी वाजत होतं. का, ते तिलाही माहीत नव्हतं.

चेडरकर स्वभावाने ठिसूळ निघाले. चौकोन कापायला जावं तर त्रिकोण, त्रिकोण सुधारायला जावं तर भुगा. त्या बाईच्या चौकोनांना सहा बाजू होत्या. माझ्यांना किती होत्या ते मोजायला भूमितीची वेगळी शाखा काढावी लागली असती. पडलेला भुगा फेकवत नव्हता (दहा लिटर दूध!), म्हणून मी तो खात गेले. पाच वाजेपर्यंत मला संध्याकाळच्या जेवणाची गरज उरली नव्हती.

एवढ्यात नवरा मदतीला आला. चीज दोऱ्याने सुरेख कापतं, दात साफ करायचा दोराही चालतो, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. ते खरंच आहे. चीजवाले तारेने कापतात, घरी दोरा चालतो. फक्त त्या दोऱ्याला कसलाही स्वाद नसावा, हे वाक्य त्याच्या वाचनातून निसटलं होतं. गौडेकरांना पुदिन्याचा वास येऊ लागल्यावर आम्ही त्याला खुर्च्या मांडायला पाठवलं.

मग सफरचंद. मी चार सफरचंदांच्या फोडी ओळीने लावल्या आणि द्राक्षांकडे वळले. परत पाहिलं तर त्यांचे चेहरे उतरलेले. ‘पॉलिफेनॉल ऑक्सिडेझ,’ लेक दारातून म्हणाली, जणू कोणी ओळखीचं आलं होतं. फळ कापलं की आतलं हे एन्झाइम हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने फोडी तपकिरी करतं. लिंबाच्या पाण्यात बुडवल्या तर आम्लाने ते मंदावतं.

‘मग ऐनवेळी कापायच्या,’ सासूबाई म्हणाल्या.

ऐनवेळ म्हणजे काय हे या घरात पस्तीस वर्षं पाहुणचार केलेल्या बाईला माहीत होतं. मला नव्हतं. मी दुसरी चार सफरचंदं तेव्हाच कापून लिंबाच्या पाण्यात टाकली. फोडी पांढऱ्या राहिल्या खऱ्या, पण एवढ्या आंबट झाल्या की पहिली चाखल्यावर माझा एक डोळा आपोआप मिटला.

अननसाची गोष्ट मी थोडक्यात सांगते, कारण ती थोडक्यात संपली. ताज्या अननसाचे बारीक तुकडे मी साडेचारलाच मऊ चीजमध्ये कालवून ठेवले होते. मुरेल म्हणून. सहा वाजता झाकण काढलं तर वर पाणी, खाली काहीतरी सैल, आणि चवीला कडू. ‘ब्रोमेलेन,’ लेक म्हणाली. ताज्या अननसातलं हे एन्झाइम प्रथिनांचे तुकडे करतं, आणि चीज म्हणजे बहुतेक प्रथिनं आणि चरबीच. ‘डबाबंद अननस चालला असता. डबाबंद करताना गरम करतात ना, त्यात एन्झाइम मरतं.’

‘हे तू साडेचारला का नाही सांगितलंस?’

‘तू विचारलं नाहीस.’

मी वाडगं पालथं केलं. आता सगळी मदार काड्यांवर आणि ब्रीकरांवर होती.

काड्यांसाठी लेकीने एक कल्पना शोधून ठेवली होती. गेल्या शतकाच्या मध्यात जर्मनीतल्या पार्ट्यांमध्ये अर्धं फळ पालथं घालून त्यात चीज-द्राक्षांच्या काड्या खोचत आणि त्याला काटेरी प्राण्याचं रूप देत. तिकडे तो हेजहॉग, आम्ही सोयीसाठी साळिंदर म्हटलं. मी खरबूज अर्धं कापून ताटात पालथं घातलं. पंधरा माणसं, प्रत्येकी चार, वर चार जास्तीच्या, अशा चौसष्ट काड्या. प्रत्येक काडीवर आधी द्राक्ष, मग चीज. द्राक्ष कितीही पुसलं तरी टोचलं की रस सुटतो आणि ओल्या काडीवरून चीज खाली घसरतं. उलट क्रमाने लावलं तर द्राक्ष उडी मारतं. सात द्राक्षं त्या दिवशी ओट्याखाली गेली, त्यांतली पाच सापडली. शिवाय वन्संची धाकटी चार वर्षांची. एवढ्या लहान मुलांच्या घशात अख्खं द्राक्ष अडकू शकतं, म्हणून तिच्यासाठी वेगळी वाटी: प्रत्येक द्राक्ष उभं चिरून चार भाग. द्राक्ष उभं चिरताना माणसाला आपल्या आयुष्याबद्दल जे विचार येतात ते मी इथे लिहीत नाही.

या सगळ्या धामधुमीत ब्रीकर मात्र शांत होते. तळहाताएवढी गोल पांढरी चकती, ताटलीत, ओट्याच्या टोकाला. त्यांना काही करायचंच नव्हतं. १८० अंशांवर पंधरा मिनिटं गेली की आतलं चीज वितळतं आणि बाहेरची पांढरी साल त्याला धरून ठेवते. मग वरून एक छेद द्यायचा, की आतून पिवळसर मऊ साय डोकावते आणि पाहुणे ‘अहाहा’ म्हणतात. मी त्या ‘अहाहा’च्या भरवशावर अननसाचं दुःख गिळलं होतं.

सहा पन्नासला मी ओव्हन तापवून ताटलीकडे वळले. ताटलीत एक फिकट पिवळा, ओबडधोबड गोळा होता. शेजारी वाटीत पांढरी खरवड. आणि खुर्चीवर सासूबाई, हातात बोथट सुरी, चेहऱ्यावर वेळेवर घर वाचवल्याचं समाधान.

‘अगं, तुझ्या गडबडीत लक्षातच आलं नाही तुझ्या. पूर्ण बुरशी धरली होती. सगळ्या बाजूंनी. मी काढली हलक्या हाताने, आतलं चांगलंच आहे.’

आता यांना काय सांगायचं? कारण त्यांचं निदान शंभर टक्के बरोबर होतं. ती बुरशीच होती. पेनिसिलियम कॅमेम्बर्टी. मुद्दाम लावलेली, खायची असते, तिच्यामुळेच तर ते ब्री. लेकीने हे सगळं त्यांना नावानिशी सांगितलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘पण बुरशीच ना?’

‘हो, पण...’

‘मग झालं तर.’

दारावरची बेल वाजली. मी डोळे मिटून ब्रीकरांना तसंच उघडंवाघडं ओव्हनमध्ये सरकवलं.

बाहेर साळिंदराचं जंगी स्वागत झालं. इतकं जंगी की कोणी त्याला हातच लावेना. अकरा माणसं अर्धगोल करून उभी, फोटो काढताहेत, ‘तुम्ही घ्या ना’, ‘नाही, आधी तुम्ही’. पहिली काडी उपटून शोभा घालवायला कोणी तयार होईना. शेवटी वन्संच्या नऊ वर्षांच्या चिरंजीवांनी एकदम पाच काड्या उपटल्या, द्राक्षं खाल्ली आणि चीज लावलेल्या काड्या परत खोचून ठेवल्या. मग बांध फुटला. खरबुजाचा रस हळूहळू ताटातून टेबलावर आला, तो मामेसासऱ्यांनी आपल्या रुमालाने, कोणाच्या लक्षात येऊ न देता टिपला. गौडेकर खाताना मित्राच्या बायकोने विचारलं, ‘यात पुदिना आहे का? वेगळीच चव आहे हं.’ नवऱ्याने छताकडे पाहिलं.

आत ओव्हनमध्ये व्हायचं तेच झालं होतं. धरून ठेवायला साल नाही म्हटल्यावर ब्रीकर चहूबाजूंनी निघाले होते. ताटलीचा काठ ओलांडून ते ट्रेवर उतरायच्या बेतात होते. लेकीने, आणि हे तिचं त्या दिवसातलं एकमेव शारीरिक काम, सगळं चमच्याने गोळा करून एका खोलगट वाडग्यात भरलं. मी हताश होऊन त्यावर मध ओतला, अक्रोड टाकले, क्रॅनबेरी टाकल्या. दिसायला ते काहीच दिसत नव्हतं. त्या आंबट फोडीही नेऊन ठेवल्या, नाहीतरी टाकायच्याच होत्या.

वन्संच्या मिस्टरांनी एक फोड त्यात बुडवली. तोंडात टाकली. थांबले. दुसरी बुडवली.

आंबट फोड, खारट चीज, वर मध. त्या तिघांचं कुठेतरी जमून गेलं होतं. पुढची सात मिनिटं आमच्या दिवाणखान्यात कोणी बोललं नाही. मामेसासूबाई बोटाने वाडगं पुसत होत्या आणि पुसताना मला म्हणाल्या, ‘किती सोपं काहीतरी केलंस गं, पण किती छान!’ माझ्याकडे पाहून सासूबाई काहीच म्हणाल्या नाहीत. त्यांना गरज नव्हती.

पाहुणे गेल्यावर मी काड्या मोजल्या. टोकदार वस्तू, लहान मुलं, माझा जीव राहिना. त्रेसष्ट भरल्या. सोफ्याखाली पाहिलं, गालिचा झटकला, कचऱ्याचा डबा उपसला. चौसष्टावी काडी अकरा वाजता नवऱ्याला सापडली. म्हणजे तो सोफ्यावर बसला.

चार दिवसांनी वन्संचा फोन आला. त्यांच्याकडे कोणी येणार होतं, ‘ते वाडग्यातलं’ कसं केलं ते हवं होतं. माझे हात ओले होते. फोन सासूबाईंनी घेतला.

‘अगं, काही नाही, एकदम सोपं आहे,’ त्या म्हणाल्या. ‘पांढरी गोल चकती मिळते बघ, ती आण. आधी वरची बुरशी सगळी खरवडून टाक. हो, बुरशीच. मग भट्टीत ठेव. वाहायला लागलं की भर वाडग्यात... नाही गं, हिला कुठलं येतंय, मीच केलं.’

मग माझ्याकडे एक नजर टाकून त्या फोनवर आवाज खाली करून म्हणाल्या, ‘आणि काड्या वापरल्यास तर मोजून घे.’