झाडांचं डोमिसाईल

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत, मागच्या भिंतीलगतच्या पट्ट्यात देशी झाडांची बाग करायचा ठराव एजीएममध्ये एकमताने पास झाला. लिफ्टच्या खर्चावरून भांडून सगळे दमले होते आणि बटाटेवडे आले होते, एवढंच त्या एकमताचं कारण.

वादाला तोंड फुटलं ते यादीवरून. गुलमोहर हवाच, असं बहुमत. गुलमोहर मूळचा मादागास्करचा आणि गेटवरचा रेन ट्री पार अमेरिकेकडचा, असं मी म्हटल्यावर सेक्रेटरी उसळले, "आता झाडांनाही डोमिसाईल काढायला लावणार का?" राज्यफूल म्हणून ताम्हणीला तेवढा बिनविरोध प्रवेश मिळाला. बहावा, कुडा, रुई कसेबसे बसले. माकडलिंबू नावापायीच पडणार होतं. पण 2015 साली महाराष्ट्राने ज्याला राज्य फुलपाखरू केलं, ते ब्लू मॉरमॉन त्यावर अंडी घालतं म्हटल्यावर वाचलं.

रविवारी श्रमदान. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस. प्रत्यक्षात मी, दोन निवृत्त काका आणि शाळेच्या प्रोजेक्टसाठी फोटो हवे असलेला एक मुलगा. पहिलीच कुदळ मारली, तर खण्ण! खाली माती नव्हतीच, नुसतं रॅबिट, म्हणजे तोडफोडीचा राडारोडा. ज्याने ज्याने घराचं रिनोव्हेशन केलं, त्याने इथेच मोकळं केलेलं. निळ्या फुलांची एक टाइल निघाली. गॅलरीतून बघणाऱ्या काकू ओरडल्या, "अगं बाई, ही आमच्या मोरीची!" आणि खाली येऊन ती धुऊन घेऊन गेल्या. माहीमचं निसर्ग उद्यान तर कचराभूमीवर उभं राहिलंय, असं म्हणून मी धीर दिला. "तिथे मजूर असतील," एक काका कंबर धरत म्हणाले. लाल माती, शेणखत विकत आणून खड्डे भरले एकदाचे.

खरा छळ झाडं जगल्यावर सुरू झाला. शोभेच्या झाडाची पानं शाबूत राहतात, कारण इथल्या किड्यांना ती रुचत नाहीत. देशी झाड लावायचं ते कोणीतरी खावं म्हणूनच. पण पानाला भोक दिसलं की सोसायटीच्या पोटात गोळा येतो. रुईवर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या आल्या. उरलेली पानं शनिवारी मारुतीला गेली. माकडलिंबावर ब्लू मॉरमॉनची पिल्लावळ आली. ही अळी लहानपणी हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते. शत्रूला फसवायची युक्ती आहे ती. पक्षी फसले की नाही देव जाणे, झाडूवाल्या मामांनी मात्र प्रत्येक पान ओल्या फडक्याने पुसून लख्ख केलं.

मग डास. "हे रान माजलंय, डेंग्यू होणार!" डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, म्हणून मी तक्रारदारांच्या दारातल्या मनी प्लांटखालची बशी दाखवली. तेव्हापासून त्या घरातून चहा बंद आहे.

काल पेस्ट कंट्रोलवाला खांद्यावर पंप घेऊन थेट बागेत शिरला. "साहेब, झाडांना कीड लागलीय. फुकटात मारून देतो."

"हात लावू नकोस. कीड लागावी म्हणूनच लावलीत झाडं."

त्याने मला नीट न्याहाळलं आणि आदबीने विचारलं, "मग घरातली झुरळंपण ठेवायचीत का?"