‘एकच प्याला’ आधी की ‘देवबाभळी’?

संगीत नाटक आयुष्यात एकदाही न पाहिलेल्या माझ्या भाचीने परवा फोनवर विचारले, “मावशी, पोटातून रडू यावे असे एकच संगीत नाटक पाहायचे असेल, तर ‘एकच प्याला’ पाहू की ‘देवबाभळी’?” घाईत मी एका वाक्यात उत्तर दिले खरे, पण एवढ्यावर भागवणे मला पटले नाही. दोन्ही नाटके मला जवळची आहेत आणि असा प्रश्न पडणारी ती एकटी नसावी, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

या दोन नाटकांमध्ये जवळजवळ शंभर वर्षांचे अंतर आहे, तरी त्यांच्या मुळाशी एकच दुःख आहे. घरातला कर्ता पुरुष देहाने घरात असो वा नसो, मनाने तो दुसऱ्याच कशाचा तरी झालेला आहे आणि संसाराचा गाडा बायको एकटी ओढते आहे. ‘एकच प्याला’तल्या सुधाकर वकिलाला दारूने नेले आणि ‘देवबाभळी’तल्या तुकोबांना विठ्ठलाने. व्यसन आणि भक्ती यांना मी एका तराजूत घालत नाही. पण रात्री चुलीत घालायला काही नाही, हे दोन्ही घरांत सारखेच आहे. म्हणूनच त्यांच्या बायका, सिंधू आणि आवली, या दोघींची तुलना मला खरी वाटते.

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला गेले आणि त्यानंतर महिन्याभराच्या आत, २० फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग केला. आपले सर्वांत गाजलेले नाटक लेखकाला रंगमंचावर पाहता आले नाही, ही गोष्ट मला अजूनही चुटपूट लावते. पदे, म्हणजे नाटकातली गाणी, वि. सी. गुर्जरांनी लिहिली. गणपतराव बोडस सुधाकर झाले आणि स्त्रीभूमिका करणारे बालगंधर्व सिंधू. ज्या नटाच्या भरजरी शालूंची महाराष्ट्रभर चर्चा व्हायची, तो या नाटकात ठिगळे लावलेले लुगडे नेसून उभा राहिला. मराठी रंगभूमीच्या इतिहासात यापेक्षा धाडसाचे प्रसंग मला फार थोडे दिसतात.

या नाटकातली माझी सर्वांत आवडती जागा कोणत्याही मोठ्या पदात नाही. सिंधू लोकांचे दळण दळते आहे. वकिलाची बायको, सुखवस्तू घरची लेक, जात्याच्या खुंट्याला हात घालून ‘चंद्र चवथिचा, रामाच्या बागेमधें चाफा नवतिचा’ अशी ओवी गुणगुणते. त्यात तक्रारीचा एक शब्द नाही. ओवी साधी आहे, चाल साधी आहे, आणि तिच्या दारिद्र्याची खोली आपल्याला तिथे जितकी कळते तितकी दहा पानांच्या संवादांतूनही कळली नसती. गाणाऱ्या नटीने तिथे आवाज राखला, जात्याची लय सोडली नाही, तर सभागृहात हुंदके ऐकू येतात.

अडचण मात्र इथूनच सुरू होते. गडकऱ्यांचे गद्य इतके जबरदस्त आहे की खरे रडू गद्यातच येते आणि पुष्कळदा पद त्या रडण्याला मोकळी वाट करून देते, दुःखाची धार थोडी बोथट करते. माहेरी चल म्हणून आग्रह होतो तेव्हा सिंधू ‘कशि या त्यजू पदाला’ गाते. ते पद अवीट आहे, शंका नाही. पण एका हौशी संस्थेच्या प्रयोगात मी असे पाहिले की, पदाला ‘वन्स मोअर’ आला, गायिकेने ते पुन्हा पहिल्यापासून आळवले, ऑर्गनवाल्याने तिला छान साथ दिली, आणि पद संपले तेव्हा समोर सिंधू उरली नव्हती, मैफल संपवून उठलेली एक उत्तम गायिका होती. हा दोष त्या गायिकेचा एकटीचा नाही. ज्या काळात प्रेक्षक रात्रभर गाणे ऐकायलाच यायचे त्या काळाची ही बांधणी आहे आणि आज तीन तासांत प्रयोग बसवताना पदे आणि प्रवेश दोन्ही कापावे लागतात. मग दारुड्या तळीरामाच्या आर्य मदिरा मंडळातला धुमाकूळ शाबूत राहतो आणि सुधाकराच्या पडझडीच्या पायऱ्या गळतात.

सिंधूबद्दलही माझे मन दुभंगलेले आहे. मरणाच्या दारात असताना नवऱ्याला वाचवण्यासाठी ती खोटे बोलते, आणि आपण तिच्यासाठी रडतो. पण रडताना आज मला रागही येतो, तिचा नव्हे, तिच्या त्यागावर टाळ्या वाजवणाऱ्या आपल्या सवयीचा. गडकऱ्यांना हे कळत नव्हते असे मात्र मी म्हणणार नाही, कारण त्याच नाटकात त्यांनी तळीरामाची बायको गीता लिहून ठेवली आहे. गीता फटकळ आहे, नवऱ्याचे वाभाडे काढते, आणि तिचे बोलणे विनोदी म्हणून आपण हसून सोडून देतो. पुढच्या वेळी हे नाटक पाहाल तेव्हा गीतेकडे नीट लक्ष द्या.

गीतेचा तोच फटकळपणा जिथे नाटकाच्या केंद्रस्थानी येतो, ते नाटक म्हणजे ‘संगीत देवबाभळी’. प्राजक्त देशमुख यांनी लिहिलेले आणि दिग्दर्शित केलेले हे नाटक डिसेंबर २०१७ मध्ये भद्रकाली प्रॉडक्शन्सने रंगमंचावर आणले. संगीत आनंद ओक यांचे, नेपथ्य प्रदीप मुळ्ये यांचे. रंगमंचावर दोनच पात्रे आहेत आणि दोघी बायका: शुभांगी सदावर्ते यांची आवली आणि मानसी जोशी यांची रखुमाई. तुकोबा आणि विठोबा, ज्यांच्यामुळे हे सगळे घडते, ते आपल्याला दिसतच नाहीत. हा निर्णय मला या नाटकातला सर्वांत मोठा वाटतो. सुधाकर सतत समोर असल्यामुळे आपले निम्मे लक्ष त्याच्या झिंगण्याकडे आणि पश्चात्तापाकडे जाते. इथे पुरुष समोर नाहीतच, त्यामुळे त्यांच्या नसण्याचा भार दोघींच्या बोलण्यातून आपल्यावर येतो.

कथा आपल्याला ठाऊक असलेल्या आख्यायिकेतून उगवली आहे. भंडारा डोंगरावर तुकोबांना भाकरी घेऊन निघालेल्या आवलीच्या पायात काटा रुततो आणि तो स्वतः विठ्ठल काढतो. नाटक पुढे विचारते की जखम बरी होईपर्यंत तिचे काय? मग रखुमाई लखुबाई नावाने देहूला तिच्या घरी येते. आवली पोटुशी आहे, लखुबाई तिची सेवा करते आहे, आणि आवली त्या ‘काळ्या’ला मनसोक्त शिव्या घालते आहे. त्या शिव्या आपण त्याच्याच बायकोसमोर देतो आहोत, हे तिला माहीत नाही. आपल्याला मात्र माहीत आहे. आवलीचा दुखरा पाय हातात घेऊन बसलेल्या लखुबाईच्या चेहऱ्याकडे पाहा. आधी देवपत्नीचा ताठा, मग नवऱ्यावर घेतलेले तोंडसुख ऐकताना आतून होणारा चोरटा आनंद, आणि त्यापाठोपाठ आपलीही कथा हीच आहे याची जाणीव, हे सगळे एका बैठकीत उमटते. पंढरपुरात रखुमाईचे देऊळ विठ्ठलापासून वेगळे का, हा प्रश्न आपण लहानपणी विचारतो आणि मोठेपणी विसरतो. नाटक तो पुन्हा समोर ठेवते.

गाण्याच्या बाबतीत तर दोन नाटकांत मूलभूत फरक आहे. इथे वाक्य बोलता बोलता ओवी होते, ओवीतून अभंग उगवतो, आणि तो पुन्हा बोलण्यात विरतो. टाळी द्यायला फट सापडत नाही, मग ‘वन्स मोअर’ कुठून येणार? दोघी स्वतः गातात, काम करता करता गातात. सिंधूच्या जात्यावरच्या ओवीत गडकऱ्यांनी जे एकदा साधले, ते इथे जवळजवळ अखंड चालते.

नाटकात उणे काही नाही असे नाही. उत्तरार्धात सुभाषितासारखी वाक्ये दाटीने येतात. काही ठिकाणी आवलीच्या तोंडून लेखक बोलतो आहे असे वाटते. सिंधूच्या तोंडून गडकरी बोलत असतातच, पण त्यांच्या भाषेचा पीळच वेगळा, तो आपण मान्य करून बसतो. शिवाय गायनाचे वैभव, एका पदात रागाचा पुरा पसारा ऐकण्याचे सुख, ते जुन्या नाटकातच मिळते. माझ्या आईला विचारले असते तर तिने ‘एकच प्याला’च सांगितले असते, आणि गाण्याच्या हिशेबाने तिचे चुकले असे मी म्हटले नसते.

तरीही माझा कौल ‘देवबाभळी’ला आहे. एकच संध्याकाळ आणि एकच तिकीट असेल, तर ज्या नाटकात गाणे आणि रडणे एकमेकांच्या आड येत नाहीत ते आधी पाहावे. सिंधू आपल्याला हळहळायला लावते. आवली हळहळू देत नाही, ती भांडते, आणि तिच्या भांडणाच्या मध्यावर केव्हातरी आपला घसा दाटून येतो. या दोन्ही नाटकांचे प्रयोग रोज लागत नाहीत, त्यामुळे जाहिरात दिसताच तिकीट काढावे, आणि जमल्यास पुढच्या पाच-सहा रांगांतले काढावे, कारण लखुबाईचा चेहरा बाल्कनीतून हाती लागत नाही.

‘एकच प्याला’ त्यानंतर पाहावे, पण थोडी चौकशी करून: पदे किती ठेवली आहेत आणि सिंधूचे काम कोण करते आहे. संगीत राज्य नाट्य स्पर्धेत हौशी संस्था हे नाटक करतात आणि तिथे कधी कधी एखादी अनोळखी मुलगी जात्यावरची ती ओवी अशी गाते की नामवंतांनी ऐकावी. प्रयोग मिळेपर्यंत संहिता वाचून ठेवता येते, ती कोणत्याही बऱ्या वाचनालयात असते. आवलीला भेटून आल्यावर ती वाचली, तर गीतेची वाक्ये फार वेगळी ऐकू येतील.