कारखान्याची हवा कागदावर शुद्ध कशी ठेवावी

साहेब, वऱ्हाडातल्या एमआयडीसीत गाड्यांचा कारखाना टाकलाच आहे, तर हवेचीही काळजी घ्यावी लागेल. घाबरू नका. प्रदूषण कमी करायला पैसा लागतो, आकडा कमी करायला नाही.

सुरुवात पेंट शॉपपासून करा, कारण थिनरची वाफ सगळ्यात जास्त तिथूनच निघते. साध्या गनने मारलेल्या रंगातला जेमतेम तिसरा हिस्सा पत्र्यावर बसतो. स्थिरविद्युत भाराची फिरती बेल, म्हणजे रंग उडवणारी घंटेच्या आकाराची फिरकी लावली, तर पाऊण भागाहून जास्त बसतो. पण बेलचा खर्च तुमच्या खात्यात पडेल आणि उडालेला रंग खरेदी विभागाच्या. तेव्हा गनच बरी. पाण्यातले रंग तर नकोच. बूथमध्ये २३-२५ अंश आणि ६५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते. मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि कोरडा वारा. तो तसाच आत घेतला, तर रंग नीट पसरायच्या आतच सुकतो.

वाफ जाळायला आरटीओ असतो (पासिंगवाला नव्हे, उष्णता परत वापरणारी भट्टी). बाहेर जाणारी तप्त हवा सिरॅमिकचे थर तापवते, पुढची हवा त्यांवरच गरम होते, म्हणून गॅस कमी लागतो. तरी आत ८०० अंशांच्या आसपास तापमान हवंच. तुम्ही ६०० वर आणा. थिनर अर्धवट जळेल, कार्बन मोनॉक्साइड आणि डोळ्यांना झोंबणारे अल्डिहाइड निघतील. पण गॅसचं बिल बघा ना!

चिमणीचं माप घनमीटरला किती मिलिग्रॅम, असं असतं. नमुन्याच्या दिवशी ताज्या हवेचा पंखा सोडा. हवा दुप्पट, आकडा निम्मा. गवळ्याला हे शिकवावं लागत नाही. ताशी किती किलो वाफ निघते, असं कुणी विचारलंच, तर चहा मागवा.

बायपासचा डॅम्पर, म्हणजे वाफ न जाळताच बाहेर सोडणाऱ्या वाटेची झडप, रात्री उघडायचा. फक्त हिवाळ्यात जरा जपून. रात्री जमीन गार पडते, वरची हवा उबदार राहते आणि तिचं झाकण बसतं. मग वाफ वर न जाता आडवी गावाकडे सरकते. हरभऱ्याच्या वावरात रानडुकरांसाठी जागलीला बसलेल्यांना ती आधी कळते. सकाळी ते गेटवर येतील: "साहेब, रात्री लई वास येऊन राह्यला, पोट्टे खोकलून राह्यले." त्यांना आदराने आत घ्या, ऑनलाइन मीटरचा हिरवा आकडा दाखवा. मीटर पहिल्या चिमणीला आणि बायपास दुसऱ्या चिमणीला, हे सांगायची गरज नाही.

झाडं ५ जूनला लावा. पानं धूळ अडवतात, थिनरची वाफ नाही. पण फोटोत दोन्ही दिसत नाहीत.

राहिलं सोयाबीन. थिनरची वाफ आणि बॉयलरचे नायट्रोजन ऑक्साइड भादव्याच्या उन्हात एकत्र आले, की जमिनीलगत ओझोन तयार होतो. सोयाबीनला तो सोसत नाही, पानं पिवळी पडून लवकर गळतात. येलो मोझॅक रोग म्हणून सांगा. यंदाही पडलाच असेल कुठेतरी, आणि फवारणीचा खर्च तसाही शेतकऱ्याचाच.