'गेरेडे'ला इंग्रजीत काय म्हणायचं?

काल कट्ट्यावर जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरचा विषय निघाला. मास्तर जर्मन शिकवतात, त्यांचं म्हणणं की त्याच्या 1927च्या 'साइन उंड त्साइट' या पुस्तकातल्या 'गेरेडे'ला, म्हणजे ऐकून ऐकून पुढे पसरणाऱ्या बोलण्याला, इंग्रजीत 'आयडल टॉक' करणं म्हणजे लेखकाच्याच विरुद्ध जाणं, कारण 35व्या विभागाच्या सुरुवातीलाच तो सांगतो की हा शब्द मी कमी लेखायला वापरत नाहीये, आणि 'आयडल' म्हटलं की रिकामटेकडेपणा आलाच ना. पण 1962ला मॅक्वारी आणि रॉबिन्सन या इंग्रजी अनुवादकांनी तो शब्द घेतला आणि तोच रुळला.

वकील म्हणाले, मग गॉसिप म्हणा! नाही चालत. गॉसिप माणसांबद्दल असतं, त्याला जर्मनमध्ये 'क्लाट्श' वेगळा आहे, आणि चॅटर म्हणजे बडबड, ते 'गेश्वेट्स'कडे जातं. गेरेडे कुठल्याही विषयावर होतं, अगदी गंभीरसुद्धा. ऐकलेलं पुढे सांगायचं, मूळ गोष्टीपर्यंत कोणी जायचंच नाही आणि तरी सगळ्यांना वाटतं आपल्याला कळलंय. वरवर वाचून लिहीत सुटतात त्यालाही हायडेगरने 'गेश्राइबे' असा जोडीचा शब्द दिलाय.

मग वकिलांनी काढला 'हिअरसे', आणि तो मला खरंच आवडला. 1872च्या पुरावा कायद्याचं कलम 60 हेच सांगायचं, ज्याने पाहिलं त्यानेच येऊन सांगावं, ऐकीव नको. पण कोर्टात निदान विचारता येतं, कोणाकडून ऐकलंस? गेरेडेत तो कोणी सापडतच नाही. आपलं 'म्हणे' घ्या, "यंदा कांदा पडणार म्हणे", आता कोण म्हणे? कोणीच नाही, सगळेच.

माझं मत, नुसतं 'द टॉक' ठेवावं. जर्मनमध्ये एखादा 'इन्स गेरेडे' येतो म्हणजे लोकांच्या तोंडी होतो, 'टॉक ऑफ द टाउन'मधला टॉक तोच. मास्तरांना पटेना, म्हणे रोजच्या बोलण्यात या शब्दाला तुच्छतेची छटा आहेच, म्हणून तर हायडेगरला आधीच खुलासा करावा लागला, ती पुसायची कशी? हे बरोबरच आहे. पण मला जास्त खटकतं ते दुसरंच, 'रेडे' म्हणजे बोलणं आणि त्यातूनच 'गेरेडे', आणि इंग्रजीत एकाचं 'डिस्कोर्स' दुसऱ्याचं 'आयडल टॉक' केल्यावर हे नातं वाचणाऱ्याला दिसणारच कसं? 'टॉकिंग' आणि 'द टॉक' केलं तर निदान दिसतं. वकिलांना हे पटलं. मास्तर मात्र आता 'हिअरसे' धरून बसलेत.