अपडेट चालू आहे, वायर ओढू नये

मोटारसायकलच्या हँडलवर जीपीएसचं वेगळं यंत्र लावणाऱ्या माणसाला लोक जन्मभर एकच प्रश्न विचारतात : "फोन नाहीये का तुमच्याकडे?" पंपावर विचारतात, टपरीवर विचारतात, लग्नात अक्षता टाकून झाल्यावर विचारतात. माझी उत्तरं पाठ आहेत. पावसात फोनचा पडदा थेंबालाच बोट समजतो. उन्हात फोन तापून मान टाकतो. हातमोजे घातले की ओळख देत नाही. ताम्हिणीत, वरंध्यात रेंज जाते आणि नेमका तिथेच फाटा लागतो. शिवाय इंजिनाच्या थरथरीने फोनचा कॅमेरा बिघडू शकतो, अशी सूचना ॲपलनेच 2021 साली काढली होती. हे मी सगळ्यात शेवटी सांगतो, कारण ते ऐकून समोरचा खिशातून आपला फोन काढून उलटा करून बघायला लागतो. तेवढ्यात मला किक मारता येते.

यंत्र अमेरिकेहून बायकोच्या भावाने आणलेलं. त्यामुळे त्याला नावं ठेवायचा हक्क घरात सगळ्यांना आहे, मला नाही. तसं ते आहे दणकट. धो धो पावसात हँडलवर राहिलं, कात्रज घाटात एकदा निसटून घरंगळलं, काचेला चरा नाही. त्याला ना सिम लागतं ना रेंज. वीस हजार किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या उपग्रहांपैकी चार दिसले की पुरे, आपण कुठे आहोत ते छातीठोकपणे सांगतं. उपग्रह मात्र नुसती वेळ आणि स्वतःची जागा कळवतात. आपण उभे आहोत तिथे पूल आहे की पाडला, हे त्यांना कोण सांगणार? ते यंत्राच्या पोटातल्या नकाशाने सांगायचं असतं. आणि नकाशा शिळा होतो.

आमच्या नकाशात पुण्याच्या चांदणी चौकातला जुना पूल शाबूत होता. 2 ऑक्टोबर 2022 ला मध्यरात्र उलटल्यावर तो सुरुंग लावून उडवला, टीव्हीवर थेट दाखवला. स्फोटाने पूर्ण पडेना म्हणून उरलेला पोकलेनने पाडला. पुढच्या ऑगस्टमध्ये तिथे नव्या रॅम्पांचं जाळं खुलं झालं. त्या जाळ्यात शिरलेला भलाभला माणूस पाषाणला म्हणून निघतो आणि मुळशीच्या रस्त्याला लागतो. आमच्या बाईंना (यंत्रात बोलते ती बाई, घरात तिला बाईच म्हणतात) यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी नव्या रॅम्पवर असायचो आणि पडद्यावर माझा बाण पांढऱ्या पोकळीत. बाई म्हणायच्या, रस्त्यावर या. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल 2020 मध्येच पाडला, त्याच्यावरही त्या मला चढवायच्या. मुंबई-गोवा रस्त्याला अजून एनएच 17 म्हणायच्या. पण तसं अख्खं कोकणही म्हणतं, 66 हा नवा आकडा फक्त पाट्यांवर. ते खपून जायचं.

तारखेचा घोळ त्याहून मजेदार. जीपीएसचे उपग्रह पूर्वापार तारीख पाठवत नाहीत. 6 जानेवारी 1980 पासून कितवा आठवडा चालू आहे, तो आकडा पाठवतात. त्या आकड्याला जागा इतकी तोकडी ठेवली आहे की 1023 झाले की पुन्हा शून्य. तसं 6 एप्रिल 2019 ला झालं. ज्या यंत्रांना या गोष्टीची वेळेत कल्पना दिली होती ती शहाणी राहिली, बाकीची 1024 आठवडे मागे गेली. आमचं मागे गेलेल्यांत. 17 जून 2025 ला बाहेर पाऊस कोसळत होता आणि यंत्रात होती 1 नोव्हेंबर 2005, लक्ष्मीपूजन! वार मात्र मंगळवारचा मंगळवार, कारण मागे जाताना आठवडे मोजून पूर्ण गेलं होतं. त्याच हिशेबाने संध्याकाळी सहा वाजताच बाई दिवेलागण झाली असं समजून पडदा काळा करायच्या. जूनमध्ये पुण्यात सहाला लख्ख उजेड असतो. मी काळ्या पडद्यात डोळे घालून फाटा शोधायचो.

तेव्हा अपडेट करणं आलं. खोक्यावर 'आजीवन नकाशे मोफत' असं छापलेलं आहे. आत बारीक अक्षरात खुलासा आहे की आयुष्य यंत्राचं धरायचं आणि ते किती ते कंपनी ठरवणार. अजून संपलेलं नाही, असं वेबसाइटने मोठ्या मनाने कबूल केलं.

पहिला मुक्काम केबल. यंत्राला लागते ती मिनी यूएसबी, म्हणजे सध्याच्या फोनला चालत नाही, जुन्या फोनला चालत नाही, फक्त जुन्या कॅमेऱ्याला चालायची ती, कडेने चिमटलेली. आमच्याकडे केबलींचा एक खण आहे. त्यात हात घातला की एकमेकींत अडकून सगळ्याच वर येतात. मिळाली. लावली. यंत्र चार्ज व्हायला लागलं आणि कॉम्प्युटर ढिम्म. चिरंजिवांनी मान न वळवता निदान केलं, "बाबा, ती नुसती चार्जिंगची आहे." मी म्हटलं, केबल ती केबल. तर तसं नसतं. आत चार तारा लागतात, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. स्वस्तातल्या केबलीत माहितीच्या दोन घालतच नाहीत. बाहेरून ओळखू यायची सोय नाही.

मग बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ, जिथे सुट्ट्या डायोडपासून सगळं मिळतं. दुकानदार म्हणाला, "मिनी? अहो, मायक्रोसुद्धा गेली आता." तरी मागच्या फळीवरून एक पिशवी काढली. मी विचारलं, "डेटावाली आहे ना?" त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी सोन्याच्या दुकानात जाऊन 'हे पिवळंच राहील ना' असं विचारलं असावं. "लावून बघा. नाही चालली तर आणून द्या. पण गुरुवारी येऊ नका, लाइट नसते."

गुरुवार मीही टाळणारच होतो. अपडेटला शनिवार ठरला. सगळे घरी असतात हा त्यातला तोटा, तो नंतर कळला.

आमचा घरचा कॉम्प्युटर म्हणजे एक जुना डबा. विजेचं बिल, सोसायटीचं इतिवृत्त आणि मुलांचे सीईटीचे फॉर्म एवढ्यासाठी तो उठतो. बाकी वेळ त्याच्यावर क्रोशाचा रुमाल असतो. कंपनीचा प्रोग्राम त्यात घालायचा, मग तो प्रोग्राम स्वतःचं अपडेट मागणार, ते झालं की कॉम्प्युटर रीस्टार्ट, मग विंडोजला आठवणार की आपलंही काही राहिलंय. पासवर्ड जुन्या ईमेलवर, त्या ईमेलचा ओटीपी जुन्या नंबरवर, तो नंबर हल्ली सासऱ्यांकडे, ते दुपारी झोपलेले. ही सगळी शर्यत पार करून पडद्यावर आलं : डिस्कवर पुरेशी जागा नाही.

जागा अडवली होती पुतण्याच्या मुंजीच्या फोटोंनी. मी नुसता माऊस तिकडे नेला. स्वयंपाकघरातून आवाज आला, "मुंजीचे काढायचे नाहीत हं. त्यात आई आहेत." आई ज्यात आहेत ते ठेवून बाकीचे काढू, असं म्हणून बघितलं तर आई सगळ्यांतच होत्या. भिक्षावळीत होत्या, पंगतीत होत्या, केटररच्या भातवाढप्याच्या पाठीमागे अर्ध्या होत्या. शेवटी माझेच जुने आयकराचे कागद आणि चिरंजिवांचे खेळ गेले. चिरंजीव दोन दिवस बोलले नाहीत.

प्रोग्रामने विचारलं : नकाशा यंत्रावर घालू, कॉम्प्युटरवर घालू, की दोन्हीकडे? मी दोन्हीकडे म्हटलं. मोठ्या पडद्यावर मार्ग आखावा, एकेका घाटाला बोट लावून बघावं, यात प्रवासाइतकंच सुख आहे. यंत्राच्या पोटात मात्र नवा नकाशा मावेना. जुना काढल्याशिवाय नवा शिरेना, आणि जुना काढायचा तर आधी नवा तयार हवा. मेमरी कार्ड घालून ते भांडण मिटवलं आणि एकदाची पट्टी सरकायला लागली. खाली लिहून आलं : यंत्र काढू नका. मी कागदावर मोठ्या अक्षरात 'अपडेट चालू आहे, वायर ओढू नये' लिहून कॉम्प्युटरला चिकटवलं.

शिल्लक वेळ : 4 तास. थोड्या वेळाने 11 मिनिटं. मी हरखून चहा टाकायला सांगितला. चहा येईपर्यंत 2 दिवस. आधी मुलांना व्हिडिओ बघायची बंदी केली, मग वॉशिंग मशीनवर गदा आली, कारण ते फिरायला लागलं की आमच्या हॉलमधला पंखासुद्धा मंदावतो. सात वाजता सौभाग्यवती मिक्सरचं भांडं हातात घेऊन दारात उभ्या. "चटणी वाटायची आहे. मिक्सर लावला तर तुमचा चांदणी चौक परत उडणार नाही ना?"

रात्री साडेदहाला 99 टक्के झाले. निघतो म्हणून चपला घातलेला पाहुणा उंबऱ्यात उभा राहून अर्धा तास नवीन विषय काढत राहतो, तसं ते 99 वर उभं राहिलं. मी खुर्ची सोडली नाही. वीज एकदा डोळा मारून गेली, इन्व्हर्टर कण्हला, राऊटरचा हिरवा दिवा लाल होऊन पुन्हा हिरवा झाला, पण पट्टी टिकली. पूर्ण झालं तेव्हा घरात जागा फक्त मी होतो, त्यामुळे कौतुक कोणी केलं नाही.

सकाळी बघितलं, बाई पार बदलल्या होत्या. साल 2025. चांदणी चौकाचे सगळे रॅम्प एकेक करून. अहमदनगरचं अहिल्यानगर झालेलं, उस्मानाबादचं धाराशिव. मुंबई-गोवा 66. आणि नवे रस्ते! नागपूरपर्यंत 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग, मुंबईचा किनारी रस्ता, समुद्र ओलांडणारा 21.8 किलोमीटरचा अटल सेतू. दोन्ही बोटांनी मोठं करून करून बघत बसलो. मग लक्षात आलं, तिन्हीकडे दुचाकीला मनाई. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत जे जे डोळ्यांत भरण्यासारखं बांधलं, ते सगळं माझ्या नकाशात आता होतं आणि त्यातल्या एकावरही मला चाक टेकवता येत नव्हतं. ज्या राज्यात दारोदार दुचाक्या उभ्या, तिथे नवा रस्ता काढायचा म्हटलं की पहिली पाटी आमच्या नावाची. हा राग मी कुठे काढणार? टोल भरायला तयार आहे म्हटलं तरी घेत नाहीत.

त्यातून अपडेटने जुन्या सेटिंग धुऊन काढल्या होत्या. बाईंच्या लेखी मी आता मोटारीत बसलेलो. पुढच्याच आठवड्यात मावशीकडे परळला निघालो. देहूरोडजवळ बाईंनी एक्सप्रेसवेचा हट्ट धरला. तिथे दुचाकी चालत नाही हे पुण्यात पाळण्यातल्या पोरालाही माहीत, मी सरळ जुन्या रस्त्याने लोणावळा, खोपोली करत पनवेल गाठलं. बाई घाटभर चिडचिड करत होत्या. पनवेलनंतर मात्र उलव्याच्या बाजूला सगळेच रस्ते नवे आणि मला सगळेच अनोळखी, म्हणून त्यांचं ऐकलं. एक डावी, एक उजवी, रुंद चढाचा रस्ता, आणि पुढे शिट्टी.

हवालदार सावकाश चालत आले. "कुठं निघाले काका?"

"परळला."

"ह्याच्यावरनं?" त्यांनी पुलाकडे नाही, माझ्या बुलेटकडे बोट केलं.

"नकाशा दाखवतोय ना."

ते वाकले. पडद्यावर निळ्या खाडीच्या मधोमध जांभळी रेघ थेट शिवडीपर्यंत गेलेली. "भारी दिसतंय. नकाशा कधीचा?"

"गेल्याच आठवड्यात घातला. एकदम ताजा."

"मग मागचा एवढा मोठा बोर्ड नाही आला त्यात?" त्यांनी टोपी सरळ केली. "फिरवा गाडी. बेलापूरचं किल्ला जंक्शन, पामबीच, वाशीचा पूल. जाल तासाभरात."

मी गाडी वळवायला लागलो. बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, सरळ जा, एकवीस किलोमीटर.

हवालदार परत आले. "ह्या ताईंना सांगा, दंडाची पावती गाडीच्या नंबरवर फाटते. त्यांच्या नाही."