नक्कल नव्हे, नक्षी

जपानी पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरच्या इंग्रजीबद्दलचा लेख वाचला. तिथे इंग्रजी दिसतं म्हणजे तो पाश्चात्त्यांच्या नकलेचा हव्यास, हा त्यातला निष्कर्ष जरा घाईचा वाटला. २००३ साली सुरू झालेल्या ‘डेथ नोट’ या मांगाचं (जपानी चित्रकथेचं) मुखपृष्ठ बघा. शीर्षक टोकदार, गॉथिक वळणाच्या रोमन अक्षरांत, आणि उच्चार कळावा म्हणून जवळच बारीक काताकाना, म्हणजे परके शब्द लिहायची जपानी लिपी. थोडक्यात, रोमन बघायला, काताकाना वाचायला! या इंग्रजीतल्या व्याकरणाच्या चुका काढून हसणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

मांडणीचाही भाग आहेच. जपानी मजकूर वरून खाली उभा लावता येतो, रोमन ओळ आडवी धावते. एकाच पानावर उभं-आडवं दोन्ही मिळालं तर कुठला चित्रकार सोडेल? (पुस्तकाच्या कण्यावर मात्र रोमन अक्षरांना बहुधा कुशीवर झोपावं लागतं.)

आणि लेखात ‘ओबी’चा उल्लेखच नाही. पुस्तकाच्या वेष्टनाच्या खालच्या भागावर गुंडाळलेली ती कागदी पट्टी. मिळालेला पुरस्कार, खपलेल्या प्रती, कुणा नामवंताची शिफारस, असा गिऱ्हाईक पटवणारा मजकूर तिच्यावर असतो, आणि तो जवळजवळ सगळा जपानीतच. धंद्याची गोष्ट आली की इंग्रजी बाजूला!